नाव कुणाचं, निवड कुणाची?

ताई, सा. न.

मी मराठवाड्यातल्या एका जिल्ह्याच्या ठिकाणी दैनिकात बातमीदार आहे. वय ३९. आधी ३ वर्षं तालुका वार्ताहर होतो, आता १४ वर्षं राजकीय बीट सांभाळतोय. जिल्हा परिषद, बाजार समिती, साखर कारखाने, नागपूरची सहा अधिवेशनं, सगळं झालं. आमचे संपादक साहेब निवृत्त होतायत. मालकांनी मला बोलावलं आणि म्हणाले, जिल्हा आवृत्तीचा निवासी संपादक हो. पगार २९ हजारांचा ४५ होईल. पण वर्धापनदिन पुरवणी, दिवाळी आणि पुढाऱ्यांच्या वाढदिवसाच्या जाहिराती मिळून वर्षाचं टार्गेट माझ्या नावावर राहील.

दुसरीकडे एक आमदार, ज्यांच्याविरुद्ध मी तीनदा लिहिलंय, म्हणतात, 'माझं माध्यमाचं काम बघा, ६० देतो.' बायको म्हणते आमदाराचं घ्या, मुलगी दहावीला आहे. वडील म्हणतात संपादक हो, आपल्या घराण्यात कुणी झालं नाही. माझा जीव बातमीतच अडकलाय. शिवाय मला संपादकांसारखी भाषा येत नाही. रोज अग्रलेख कसा लिहिणार? मंगळवारी उत्तर द्यायचंय.

आपला,
एक बातमीदार

---

प्रिय बातमीदार,

तुमच्या पत्रात आमदार आहे, बायको आहे, वडील आहेत, पण माझी नजर अडली ती 'टार्गेट माझ्या नावावर राहील' या शब्दांवर. तुम्ही ते इतक्या सहज लिहून पुढे गेलात, जसं काही कॅंटीनचं बिल सांगताय.

उद्या सकाळी तुमचाच पेपर हातात घ्या आणि शेवटचं पान उलटा. अगदी तळाला मुंगीएवढ्या अक्षरांत एक ओळ असते. मुद्रक, प्रकाशक, छापखान्याचा पत्ता, संपादकाचं नाव आणि त्या नावाला जोडून 'पीआरबी कायद्यानुसार जबाबदार' असं काहीतरी. किती वेळा वाचलीत? मी नोकरीची पहिली नऊ वर्षं वाचली नव्हती. दहाव्या वर्षी आमच्या कार्यालयात तालुका कोर्टाचं समन्स आलं आणि ते कुणाच्या नावावर घ्यायचं यावरून धावपळ झाली, तेव्हा वाचली.

१८६७ च्या त्या पीआरबी, म्हणजे छापखाने आणि पुस्तकांच्या नोंदणीच्या कायद्यात संपादकाची व्याख्या जेमतेम एका ओळीची होती. वृत्तपत्रात जे छापलं जातं त्याची निवड ज्याच्या ताब्यात, तो संपादक. अग्रलेख लिहिणारा, व्यासपीठावर पहिल्या रांगेत बसणारा किंवा पालकमंत्र्यांशी अरेतुरे करणारा असं त्यात कुठेच नव्हतं. आता २०२३ चा नवा कायदा आलाय, १ मार्च २०२४ पासून लागूही झाला. पण तुमच्यापुढचा प्रश्न त्या जुन्या ओळीतलाच आहे. नाव तुमचं लागेल. निवड कुणाच्या ताब्यात असेल?

नाव एकाचं आणि निवड दुसऱ्याची हे आपल्याकडे पूर्वीपासून चालत आलंय, आणि ते नेहमी वाईटच होतं असं नाही. ३१ जानेवारी १९२० ला 'मूकनायक' निघाला तेव्हा संपादक म्हणून नाव पांडुरंग भटकरांचं होतं, कारण बाबासाहेब तेव्हा सिडनहॅम कॉलेजात सरकारी नोकरीत प्राध्यापक होते. शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले होते. पण त्या अंकात काय जाणार हे कुणाच्या डोक्यातून ठरतंय, याबद्दल जाणत्या वाचकाला फारशी शंका नसावी. आज जिल्हा आवृत्त्यांत नेमकं उलटं होतं. नाव निवासी संपादकाचं आणि निवड जाहिरात विभागाच्या एक्सेल शीटमधली, आणि वाचकाला याचा पत्ताच नसतो.

वाढदिवसाच्या पानाबद्दल तुम्हाला मी काय सांगणार, तुम्ही ती पानं जन्माला येताना पाहिलीयत. तरी एकदा सगळं समोर मांडू या. मधोमध साहेब, हात जोडलेले, मागे सूर्य. खाली दोन बोटं रुंदीचे पासपोर्ट फोटो, चाळीस-पन्नास, 'शुभेच्छुक'. पानाचे पैसे साहेब देत नाहीत. ते फोटोतल्या दुसऱ्या-तिसऱ्या रांगेतला ठेकेदार देतो. गोळा करायला तालुका वार्ताहर जातो, कारण त्याचं कमिशन त्यातच असतं. पगार म्हणून त्याला जे मिळतं त्यात त्याच्या गाडीचं पेट्रोलही भागत नाही. आणि पुढच्याच महिन्यात त्या ठेकेदाराने केलेला रस्ता पहिल्या पावसात वाहून जातो, त्याची बातमी त्याच वार्ताहराने द्यायची असते.

हे तुम्ही १४ वर्षं दुरून पाहिलंत. टार्गेट नावावर आलं की तुम्ही साखळीच्या वरच्या टोकाला उभे. इथे एक गोम आहे, जी खुर्चीत बसेपर्यंत कळत नाही. यातली निम्मी बिलं थकतात. वाढदिवस होऊन जातो, पान छापून होतं, पैसे येत नाहीत. मग आठवड्यातून दोनदा तुम्हीच फोन करणार, 'साहेब, त्या पानाचं तेवढं बघा ना.' आणि नेमक्या त्याच दिवसांत साहेबांच्या संस्थेतल्या भरतीची कागदपत्रं तुमच्या टेबलावर येतात. छापलीत तर गावभर होणार, 'बिलासाठी छापली.' नाही छापलीत तर, 'बिलासाठी दाबली.' बातमी खरी असो की खोटी, तुमचा शब्द दोन्हीकडून गेला. १४ वर्षांत तुम्ही कमावलेली एकच मालमत्ता आहे आणि टार्गेट नेमकं तिच्यावरच बोजा चढवतं.

कायद्याच्या अंगाने एक कोपरा सांगते. १९५५ च्या कायद्याने श्रमिक पत्रकार म्हणजे कोण हे ठरवताना संपादकालाही त्यात धरलं, पण जो मुख्यतः व्यवस्थापनाचं किंवा प्रशासनाचं काम करतो त्याला वगळलं. टार्गेट नियुक्तीपत्रात लिहून आलं, तर उद्या भांडण झाल्यावर 'हे गृहस्थ पत्रकार नव्हेतच, व्यवस्थापक आहेत' असं म्हणायला समोरच्याला कागद मिळतो. आधीच पत्रकारांचे पगार ठरवणाऱ्या मजिठिया आयोगाची कथा तुम्हाला ठाऊक आहे. २०११ ला अधिसूचना निघाली, फेब्रुवारी २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली, आणि तोवर कित्येक ठिकाणी लोकांच्या सह्या कंत्राटावर घेऊन झाल्या होत्या. तेव्हा कागद नीट वाचा. वकील मित्र असेलच, बीटवर असताना कुणाकुणाला हॉस्पिटलात नेलं असेल तुम्ही, त्यातलाच एखादा.

आता स्वतःचं एक सांगते. उपदेश करणाऱ्या बाईने कधी काय केलं, हे कळलेलं बरं.

एका दैनिकात मी रात्रीची पानं बघायचे. बाहेरगावी जाणारी डाक आवृत्ती निघून गेलेली, शहर आवृत्ती सोडायला पंचवीस मिनिटं होती. एका तालुक्यातल्या पोराने सहा महिने माहिती अधिकारात अर्ज टाकून एका सहकारी संस्थेची बातमी काढली होती. हेडिंगमध्ये 'गैरव्यवहार' शब्द होता. वरून फोन आला. बातमी काढा असं कुणीच म्हणालं नाही. फार शहाणी माणसं असतात ती. म्हणाले, 'बातमी उत्तमच आहे. फक्त तो शब्द जरा बघा.' मी बघितला. 'गैरव्यवहारा'ची 'अनियमितता' केली आणि पान सोडलं. घरी जाताना मनाची समजूतही घातली की चौकशी अजून व्हायचीय, तेव्हा हाच शब्द अचूक.

सकाळी साडेसातला त्या पोराचा फोन आला. चिडला नव्हता. म्हणाला, 'ताई, रात्री किती वाजता झाली अनियमितता?'

पुढे तीन वर्षं तो आमच्याकडे होता. त्यानंतर त्याने एकही मोठी बातमी पाठवली नाही. सत्कार, अपघात, पाणीटंचाई, वेळेवर आणि बिनचूक. निवड माझी नव्हती असं मी म्हणू शकते, पण कर्सर माझ्या हाताखाली होता.

आणीबाणीत, जून १९७५ मध्ये, काही वृत्तपत्रांनी अग्रलेखाची जागा कोरी सोडली. वाचकाने पान उघडलं की त्याला कळायचं, इथे काहीतरी होतं. आता कोरी जागा सोडायची वेळच येत नाही. तिथे वाढदिवस येतो.

आमदारांचं. यावर मी फार वेळ घेणार नाही, कारण तुमचा जीव तिकडे नाही हे पत्रातच दिसतंय. पण वहिनींचं म्हणणं उडवून लावू नका. मुलीची फी तत्त्वावर भरली जात नाही, आणि १७ वर्षं रात्री साडेबाराला ताट झाकून ठेवणाऱ्या बाईला हिशेब मांडायचा पूर्ण हक्क आहे. फक्त तो पुरता मांडा. ६० हजार कुणाच्या खात्यातून येणार? आमदारांच्या, त्यांच्या कारखान्याच्या, की मेहुण्याच्या कन्स्ट्रक्शनच्या? लेखी काही मिळणार का? पुढच्या वेळी तिकीट कापलं तर? आणि ज्या माणसाविरुद्ध तीनदा लिहिलं तोच माणूस बोलावतो, तेव्हा तो तुमचं लिहिणं विकत घेतोय की न लिहिणं, हे एकदा त्यांनाच हसत हसत विचारा. खरं उत्तर देतीलही, पुढारी अशा वेळी आपल्यापेक्षा प्रामाणिक असतात. ते काम पाप नाही. माझे दोन चांगले सहकारी गेले आणि सुखात आहेत. पण त्यातला एकही परत बातमीत येऊ शकला नाही. दार कुणी बंद केलं नव्हतं, जुने सोर्सच त्यांच्याशी वेगळं बोलायला लागले. जायचं ठरवलंत तर होकार द्याल त्या दिवसापासून लेखणी खाली. 'दोन महिने दोन्हीकडे' हा प्रकार तेवढा करू नका.

वडिलांना 'संपादक' या शब्दाचं जे कौतुक आहे ते मला समजतं. त्यांच्या पिढीने संपादक पाहिले ते तसेच. पण घराण्यातला पहिला संपादक म्हणून तुमचा फोटो लागणार असेल, तर तळाच्या ओळीचा अर्थ त्यांनाही समजावून सांगा. शेतकरी माणूस असेल तर पटकन समजेल. सातबारा एकाच्या नावावर आणि कसतो दुसरा, यातली भानगड त्यांना आपल्याहून जास्त कळते.

तर माझा सल्ला असा की खुर्ची घ्या, टार्गेटशिवाय. मालकांना तोंडावर नाही म्हणू नका. एका पानाचा कागद घेऊन जा. त्यात लिहा की जाहिरातीचं उद्दिष्ट जाहिरात व्यवस्थापकाकडे राहील. पुरवणीतला मजकूर मी बघून देईन, वसुलीचा फोन मी करणार नाही. पैसे देऊन छापलेल्या मजकुरावर 'जाहिरात' हा शब्द वाचता येईल एवढ्या टायपात पडेल. छापायला सोडलेली बातमी रात्री बदलायची असेल तर मला सांगून बदलली जाईल आणि त्या वार्ताहराला मी स्वतः कळवीन. मालक हे सगळं मान्य करतील असं मला वाटत नाही. पण ४५ हजार देऊन ते तुम्हालाच बोलावतायत, जाहिरातीवाल्याला नाही, याचं कारण जिल्ह्यात तुमचा फोन उचलला जातो. टार्गेट गळ्यात बांधलं की दोन वर्षांत तोही उचलला जाणार नाही. हा त्यांच्याच धंद्याचा हिशेब आहे, तो त्यांच्याच भाषेत सांगा. पगारात पाच हजार कमी करून टार्गेट काढतो म्हणाले, तर घ्या. वहिनींना काय सांगायचं ते मी सांगू शकत नाही, तिथे तुमचे तुम्ही.

नाहीच म्हणाले तर बीटवर राहा. तुम्हाला वाटत असेल की १४ वर्षं बातमीदार राहणं म्हणजे मागे पडणं. आगरकर 'केसरी'चे पहिले संपादक, १८८१ पासून. टिळकांशी पटेना तेव्हा १८८७ ला ती खुर्ची सोडली आणि पुढच्या वर्षी 'सुधारक' काढला, इंग्रजी बाजू गोखल्यांनी सांभाळली. ती गोष्ट आपण सत्काराच्या भाषणात सांगतो. तुम्हाला सोडून जायची गरज नाही, फक्त आहे तिथे थांबायचंय. त्यातही एक करा. आजवरची सगळी नियुक्तीपत्रं, पगाराच्या पावत्या, अधिस्वीकृतीचे, म्हणजे सरकारमान्य पत्रकार असल्याचे कागद एका फायलीत लावा. सरकारची ज्येष्ठ पत्रकारांसाठीची सन्मान योजना आहे, बाळशास्त्री जांभेकरांच्या नावाची. तिथे अनुभवाची वर्षं कागदावर दाखवताना भली भली माणसं रडकुंडीला आलेली मी पाहिलीयत. तुमची तालुका वार्ताहर म्हणून गेलेली ३ वर्षं बहुधा कुठेच नोंदलेली नसतील. त्या वेळचे साहेब हयात आहेत तोवर त्यांच्याकडून पत्र घ्या.

खुर्ची मिळाली तर पहिल्या वर्षात एक मोह होईल, तेवढा सांगून ठेवते. बातमीदार संपादक झाला की त्याला प्रत्येक कागद स्वतःच फोडावासा वाटतो. आता तर कागद व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ होऊन येतात, सही-शिक्क्यासकट. कोल्हापूरच्या दिवाणांविरुद्ध 'केसरी' आणि 'मराठा'ने लिहिलं तेही हातात आलेल्या पत्रांच्या जोरावर. हेतू शंभर टक्के चांगला, छत्रपतींचा छळ होतोय म्हणून लिहिलेलं. पत्रं बनावट ठरली. १८८२ च्या जुलैत टिळक आणि आगरकर दोघांना ४ महिन्यांची शिक्षा झाली आणि १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात काढावे लागले. पेपर तेव्हा दीड वर्षाचा होता. तुम्हाला बहुधा तुरुंग होणार नाही, तारखा होतील, आणि बदनामीच्या खटल्यातल्या तारखा मुद्दाम लांबच्या तालुक्यात लावलेल्या असतात. कागद कुणी दिला, आज का दिला आणि त्याच्या विरुद्ध पार्टीला आपण फोन केला का, हे तीन प्रश्न बातमीदार असताना तुम्ही स्वतःला विचारत होता. आता ते दुसऱ्याला विचारायचेत, आणि विचारताना तो पोरगा खचणार नाही असं विचारायचंय. हे पहिल्यापेक्षा अवघड आहे. मला कधीच नीट जमलं नाही.

डेस्कचीही तयारी ठेवा. तुम्ही रस्त्यावरचे, आणि संपादकाची निम्मी नोकरी टेबलाची. गोविंद तळवलकर 'लोकसत्ता'त उपसंपादक म्हणून सुरू झाले, १९६२ ला 'महाराष्ट्र टाइम्स' निघाला तेव्हा तिकडे आले, १९६८ ला संपादक झाले आणि १९९६ पर्यंत त्या खुर्चीत होते. खुर्चीपर्यंत पोचायला दीडेक तप टेबलावर गेलं. त्यांचे सगळे निष्कर्ष मला पटायचे असं मुळीच नाही, सहकार आणि ग्रामीण भागाकडे बघताना त्यांची खिडकी जरा मुंबईचीच वाटायची. पण दुसऱ्याने लिहिलेला मजकूर वाचण्यात घालवलेली वर्षं त्यांच्या वाक्यात दिसत. तुम्ही आठवड्यातून तीन रात्री डेस्कवर बसून पान लावा. 'आत्महत्या' शब्दाचं हेडिंग शेजारच्या सराफाच्या जाहिरातीला कसं चिकटतं आणि ते छापायला जायच्या आधी कसं सोडवायचं, हे तिथेच कळतं.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, ज्याने तुमची झोप उडालीय. रोज अग्रलेख कसा लिहिणार?

लिहावा लागणार नाही हो. जिल्हा आवृत्तीत अग्रलेख मुख्य कार्यालयातून येतो, रात्री साडेआठच्या सुमारास तयार पानासकट. तुमच्याकडे येईल तो खाली उरलेला वाचकांच्या पत्रांचा चौकोन, आणि तोही जाहिरात आली की जातो. म्हणून त्या कागदावर आणखी एक मागणी वाढवा. आठवड्याला एक कॉलम, ६०० शब्द, जिल्ह्याच्या राजकारणावर, तुमच्या नावाने. बाजार समितीच्या निवडणुकीत हमाल-मापाड्यांची मतं कशी फिरतात, कारखान्याचा सभासद कुणाला करतात आणि कुणाचा अर्ज वर्षानुवर्षं 'विचाराधीन' ठेवतात, हे मुंबईच्या अग्रलेखात कधी येत नाही. तुम्हाला ते नावानिशी माहीत आहे. आणि भाषेचं म्हणाल, तर मला लिहिलेलं पत्र पुन्हा वाचा. 'माझा जीव बातमीतच अडकलाय' असं लिहून गेलात, त्याच भाषेत पहिला कॉलम लिहा. पाठवलात तर मी हेडिंगला हात लावणार नाही.

तुमची,
ताई